रुईखेड स्थानकाचा ईशान्य कोपरा

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी कारंज्याच्या बसस्थानकावर उतरलो. थंडी बोचरी होती. रात्रीच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही नाही. बस वेळेवर पोहोचली आणि पिशवीतला ओळंबा, थाप्या व पाणपातळी शाबूत होत्या, एवढे पुरे.

न्यायला प्रल्हाद भगत आले होते. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे, आवाज अजून भरलेल्या गाडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांचा मुलगा आमच्या साताऱ्याकडे नोकरीला आहे. आमच्या गावच्या नदीवरचा जुना दगडी पूल आम्ही काही निवृत्त मंडळींनी चुन्यात दुरुस्त केला, तो त्याने पाहिला आणि वडिलांना कळवले. वडिलांनी मला फोन केला. बांधकाम खात्यात माझी उभी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षे जुन्या दगडी कामांवर. बोलावणे आले तेव्हा मला ते स्वाभाविक वाटले.

"जय भीम, सायेब. प्रवास कसा झाला?"

"झाला."

"थंडी लागली काय?"

"लागली."

यापुढे मला फारसे बोलावे लागले नाही. मोटारसायकलवरून इंझोरीच्या वाटेला लागल्यावर ते मागे मान वळवून बोलत राहिले. पुढे पाहा, असे मी त्यांना सांगितले. "अवो सायेब, हा रस्ताच मले वळखते," ते म्हणाले, आणि पुन्हा मागे वळले.

आमच्याकडे कुठेही उभे राहिले तरी नजर डोंगराला अडते. इथे ती अडत नाही. काळी जमीन, कापणीला आलेली तूर, वेचून झालेल्या कपाशीची उभी पऱ्हाटी, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि मग आभाळ. रुईखेड मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. गावाआधी स्थानक लागते.

छोट्या रुळांची गाडी बंद होऊन काही वर्षे झाली. रूळ गवताखाली आहेत, पण आहेत. इमारत लहान आहे: तिकिटाची खोली, सामानाची खोली, पुढे सागवानी खांबांचा ओटा, वर कौले. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. ज्याने बांधली त्याला दगड कळत होता. कोपऱ्याचे चिरे अजून सुरीच्या धारेसारखे आहेत. गावातल्या दहा-बारा जणांनी गेले वर्षभर फावल्या वेळात तिथे काम केले आहे. निम्मे बौद्ध वस्तीतले, निम्मे गावातल्या शेतकरी घरांतले. कौले उतरवून धुतली, फुटकी बदलली, खांबांना तेल दिले, ओट्याच्या फरशा बसवल्या. काम नवखे होते, पण मनापासून केलेले दिसत होते. एका जागी त्यांनी भिंतीच्या भेगेत सिमेंट भरले होते. ते मी काढायला लावले.

भेग ईशान्य कोपऱ्याला होती. मूठ आत जाईल एवढी. कारणही समोरच उभे होते. दाराच्या उंचीवर, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून पिंपळ बाहेर आला होता. बुंधा मांडीएवढा, शेंडा कौलांच्या वर. भिंतीचा बाहेरचा पदर पोट आल्यासारखा फुगला होता.

सोमवारी रेल्वेचे अभियंते पाहणीला यायचे होते. भिंत धोकादायक ठरली तर इमारत पाडायची, असे भगतांना तोंडी कळवले गेले होते. दुरुस्तीची जबाबदारी त्यांनी एकट्याने स्वतःवर घेतली होती.

"एवढा जीव का टाकता या इमारतीवर?" मी विचारले. मला कामाआधी हे विचारायची सवय आहे. उत्तरावरून माणूस काम अर्धे सोडेल की नाही ते कळते.

भगतांनी ओट्यावरच्या लोखंडी बाकाकडे पाहिले. "माहा बाप इथं पॉइंटमन होता, सायेब. गावात त्याले ओट्याखाली बसा लागे. इथं तो बाकावर बसे. मी त्याच्या बाजूले बसो. गाडीतून उतरनारा कोनी का असेना, त्याच बाकावर बसे." थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, "गावात तशी दुसरी जागा नव्हती. आता हे पाडलं का संपलं."

मी मान हलवली आणि भेगेत पट्टी घालून खोली मोजली.

दुपारी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आल्या, नुसत्या मिठातल्या. आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा अशा उकडतात. तुरीच्या मी प्रथमच खाल्ल्या. सोलण्यात वेळ जातो, म्हणून माणसे बोलतात. माझ्या शेजारी राऊत बसले. स्थानकाच्या कुंपणाला लागून त्यांचे शेत आहे. डोके तुळतुळीत, मिशा भरघोस. ओळख होऊन पाच मिनिटेही झाली नसतील.

"बायको हाय काय?"

"नाही."

"कवा गेली?"

"सहा वर्षं झाली."

"मंग सैपाक कोन करते?"

"मी."

"जमते?"

"नाही."

"हे बरं," राऊत म्हणाले, "खरं बोलता तुमी," आणि सोललेल्या दाण्यांची आपली मूठ माझ्या पानावर ओतली. आमच्याकडे एवढे विचारायला माणूस चार वर्षे घेतो आणि मग विचारतच नाही.

संध्याकाळी मी सर्वांना माझा विचार सांगितला. उद्या झाड तोडायचे. भेगेतली माती काढून लांब दगड आडवे घालून दोन्ही बाजू एकमेकींत गुंतवायच्या, वरून पातळ चुना ओतायचा. सोमवारी भिंत उभी दिसेल आणि पुढचे काम सावकाश करता येईल. सर्वांनी एकसाथ माना डोलावल्या. एवढ्या तत्परतेने लोक माझ्याशी सहमत होत नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवार

सकाळी स्थानकावर गेलो तर झाडाखाली गावातल्या पाच-सहा बायका होत्या. तांब्याने पाणी घालत होत्या. बुंधा भिंतीत, तोही दाराच्या उंचीवर, त्यामुळे पाणी चिऱ्यांवरून ओघळत भेगेत जात होते. एकीने भिंतीला टेकवलेल्या आमच्याच शिडीवर चढून बुंध्याला सूत गुंडाळले. दर शनिवारी येतात, असे कळले. भेग रुंदावण्याचे अर्धे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

त्या गेल्यावर मी कुऱ्हाड मागितली. ज्याच्याकडे होती त्याच्याकडे ती आज नव्हती. करवतीला धार नव्हती. एकाला कालपासून पाठीत उसण होती, दुसऱ्याला तालुक्याला जायचे होते. शेवटी राऊतांनी कुऱ्हाड आणली. कोरी होती, पात्यावर दुकानाचा कागद तसाच होता. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि सर्व मंडळी मागे सरकली. पार रुळांपर्यंत.

"हे काय?" मी म्हणालो. "माझं वय शहात्तर आहे. घाव घालायला तरणी माणसं आहेत."

मंडळी राऊतांकडे पाहू लागली.

"सायेब, तुमी पयला घाव घाला," राऊत म्हणाले. "बाकीचं आमी पाह्यतो."

"का?"

"तुमी बाहेरगावचे. सोमवारी निंघून जासान. तुमाले कोनी काही म्हननार नाही. आमी शनिवारी पूजा करनार आन् शनिवारीच तोडनार काय? घरची माही भाकर बंद करीन."

मी भगतांकडे पाहिले. ते बौद्ध, त्यांना पिंपळावरच्या मुंजाची भीती नसणार, असे मी गृहीत धरले होते.

"माह्याकडं नका पाहू," ते म्हणाले. "त्यायचा तो पिंपळ, आमचा तो बोधिवृक्ष. माही बायको दर पुनवेले इथं मेनबत्ती लावते. पूर्ण वस्तीच्या बाया येतात."

"भगत, गवंडी कारंज्यातही मिळतात. मला कशाला बोलावलंत?"

कंडक्टरकीत माणूस खोटे ऐकायला शिकतो. बोलायला शिकतोच असे नाही. त्यांनी टोपी काढली. "खोटं नाही बोलत, सायेब. चुन्यासाठी बी बोलावलं. पन पयले झाडासाठी."

म्हणजे माझ्या ज्ञानापेक्षा माझे परगावचे असणे त्यांना उपयोगी होते. मला राग आला. रस्त्यांच्या कामात मी पिंपळ, वड, चिंच असे किती तोडले त्याचा हिशेब नाही, आणि माझे काही वाकडे झालेले नाही. तेवढ्यात भगतांची पत्नी सुमनबाई वस्तीकडून आल्या. उंच, सडसडीत, डोक्यावर पदर घट्ट. हातात भरलेली कळशी. त्यांनी कुणालाही काही न विचारता शिडी चढून कळशी बुंध्याशी रिकामी केली, खाली उतरल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तोडून राह्यले म्हने?"

"अवं, भिंत पडून राह्यली. सोमवारी सायेब येनार हाय."

"भिंत तुमच्या बापाची, मानलं. झाड कोनाचं? तुमी दिवसभर गाडीवर, घंट्या वाजवत. मी ह्याले पानी घातलं. बोटाएवढं होतं तवापासून."

"तुह्या पान्यानंच भिंत फाटली, सुमन!"

"मंग मले पाडा, भिंतीले ठिवा."

राऊत हळूच म्हणाले, "हे बी बाहेरगावच्या मानसालेच करा लागीन." मंडळी हसली. सुमनबाई हसल्या नाहीत. भगतही नाही. ते भिंतीकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा, दोन्ही बाजूंनी तिकिटे मागितली जात असल्यासारखा, ओढलेला होता.

मी कुऱ्हाड खाली ठेवली आणि पहार घेतली. बुंध्याखालचा एक सैल चिरा काढून आत पाहायचे ठरवले. चिरा निघाला. आत भिंतीच्या गाभ्यात चुना उरलाच नव्हता. त्याच्या जागी मूळ होते, मनगटाएवढे, थेट खाली जोत्याकडे गेलेले. दुसरा चिरा काढला, तिथेही तेच. शुक्रवारचा माझा अंदाज चुकीचा ठरला. वरचे झाड तोडून काही होणार नव्हते. मूळ राहिले असते तर पुन्हा फुटले असते, मेले असते तर कुजून भिंत पोकळ झाली असती. कोपरा जोत्यापर्यंत उतरवून नव्याने बांधणे हाच उपाय होता. आणि कोपरा उतरवला तर झाड तोडायचे कारणच उरत नव्हते. दगड काढले की ते मुळांसकट मोकळे होणार होते. पिंपळ चिवट असतो. ओल्या पोत्यात गुंडाळून दुसरीकडे लावला तर बहुधा जगतो.

मी हे सर्वांना सांगितले. चेहरे उजळले. मग दुसरी बाजू सांगितली, भगतांकडे पाहून.

"सोमवारी अभियंते येतील तेव्हा इथे भिंत नसेल. छप्पर टेकूंवर असेल. कोपरा पडला असं त्यांनी ठरवलं तर इमारत जाईल. जबाबदारी तुमची आहे. झाड तोडून भेग बुजवली तर सोमवार निभेल, पुढचा भरवसा नाही. ठरवा तुम्ही."

भगत बाकावर जाऊन बसले. सुमनबाई रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. मग ते उठले, शिडी लावली, वरचा एक चिरा दोन्ही हातांनी हलवून सैल केला आणि खाली राऊतांना आवाज दिला.

"धरा बे! पायावर घेसान!"

त्या दुपारी आम्ही कारंज्याहून लाकडी बल्ल्या व दोन जॅक आणवून छप्पर उचलून धरले. भगतांनी त्या दिवशी माझ्याशी आणखी बोलणे केले नाही, आणि मलाही त्याची गरज भासली नाही.

रविवार

कामाला वस्तीतून आणि गावातून सर्वच आले. मी एक नियम घातला: प्रत्येक चिऱ्यावर गेरूने आकडा, आकड्याच्या क्रमाने तो फलाटावर मांडायचा, म्हणजे परत त्याच जागी जाईल. काम थर थर उतरत गेले. माणसे एकमेकांचे फोटो काढत होती. भिंतीशेजारी उभे राहून, चिरा उचलताना, चिरा उचलल्याचे सोंग करताना. मी दोनदा हटकले, मग सोडून दिले. फुकट काम करणाऱ्याला एवढे स्वातंत्र्य असावे.

दुपारी रोडगे होते. जाड पिठाचे, आतून पदर असलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, वरची राख झटकतात आणि फोडून त्यावर तूप घालतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. आर राऊतांच्या शेतात लावला होता, कणीक वस्तीतल्या बायकांनी मळली, वांगी राऊतांच्या घरची. स्थानकाच्या ओट्यावर एकाच पंगतीत सर्व जेवले. भगतांनी ती पंगत नीट पाहून घेतली. मी दोन रोडगे खाल्ले. तिसरा राऊतांनी न विचारता वाढला.

"पोट फुटेल."

"फुटू द्या. चुन्यानं भरून घेऊ."

चारच्या सुमारास जोत्याजवळचा शेवटचा चिरा निघाला आणि झाड मोकळे झाले. भिंतीच्या रुंदीत चेपून वाढलेली मुळे पाटीसारखी चपटी झाली होती. कोपऱ्याचा काटकोन त्यांनी जसाच्या तसा घेतला होता. बायकांनी ओली पोती आणली. दोर बांधून, दहा-बारा जणांनी मिळून, झाड आडवे करून फलाटावर निजवले. फांद्या मी छाटायला लावल्या. त्याला कुणी हरकत घेतली नाही. कोयत्यालाही कुणाची ना नव्हती. जीव वाचला की केस कापायला चालते, असे काहीसे असावे.

मग ते लावायचे कुठे, यावर भांडण झाले. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, विहाराच्या अंगणात. गावातल्या म्हणाल्या, मारुतीच्या पाराशेजारी. दोन्ही बाजूंचे म्हणणे दोन्ही बाजूंना आधीच माहीत असावे, कारण कुणी कुणाचे ऐकून घेत नव्हते. अंधार पडेपर्यंत वाद मिटला नाही. झाड ओल्या पोत्यांत तसेच राहिले.

सोमवार

सकाळी स्थानकावर पोहोचलो आणि पाहिले ते पटेना. फलाट झाडलेला. सडा घातलेला. दारापुढे रांगोळी. आणि चिरे, सर्वच्या सर्व, घासून धुतलेले, काळे चकचकीत, एकावर एक नीट रचून ठेवलेले. गेरूचा एकही आकडा शिल्लक नव्हता. क्रमही नव्हता.

"कोणी केलं हे?"

सुमनबाई आणि राऊतांच्या घरच्या, दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. कालचे भांडण विसरून पहाटे दोन्हीकडच्या बायकांनी मिळून हे केले होते.

"पाहुना येनार," सुमनबाई म्हणाल्या. "रेल्वेचा मोठा सायेब. आन् दगडायवर ह्या लाल रेघा, शाळेतल्या पाटीवानी. बरं दिसते काय?"

भगत जोत्यावर बसले. "सुमन," ते म्हणाले, "काय केलं तू हे? कोनता दगड कुठचा, आता देव बी सांगू नाही शकत."

"देवाले कायले इचारता?" राऊतांची बायको म्हणाली. "तुमच्या त्या मोबाइलमंधी पाहा ना. रातभर फोटो टाकून राह्यले होते गुरुपवर."

हे मला सुचले नव्हते. सर्वांचे मोबाइल बाहेर निघाले. खरेच, प्रत्येक चेहऱ्याच्या मागे भिंत होती, आणि उतरत गेलेल्या प्रत्येक थरापुढे कुणी ना कुणी दात दाखवत उभे होते. मी चष्मा पुसून एकेक फोटो मोठा करून पाहिला. आकार, कोपरे, छिन्नीच्या खुणा. चिरे ओळखू येत होते. एकाच थरात अडचण होती.

"राऊतभाऊ," भगत म्हणाले, आणि दोन दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज मूळ पट्टीत आला, "तुमच्या टकलानं चार दगड खाल्ले!"

"दुसऱ्याच्या फोटोत पाहा. मी काय एकाच ठिकानी होतो?"

अकराच्या सुमारास अभियंते आले. तरुण, नागपूरकडचे, थोडक्यात बोलणारे. त्यांनी रांगोळी ओलांडली, इमारतीला एक फेरी घातली, टेकू हाताने हलवून पाहिले.

"भिंत कुठे आहे?"

"फलाटावर," मी म्हणालो.

"पडली?"

"उतरवली."

"फरक आहे?"

"दगड मोजा. एकही फुटलेला नाही. पडलेल्या भिंतीत असं होत नाही."

त्यांनी काही चिरे उलटवून पाहिले. मग विचारले, "यातला कोणता कुठे जाणार, हे कसं कळणार?"

राऊतांनी आपला मोबाइल पुढे केला. अभियंत्यांनी बराच वेळ फोटो पाहिले. एका फोटोवर त्यांचा ओठ किंचित हलला. कोणत्या ते मला दिसले नाही. नंतर त्यांनी ओल्या पोत्यांतल्या झाडाकडे बोट केले. भगतांनी सर्व सांगितले, बायकोने घातलेल्या पाण्यासकट. काही लपवले नाही.

"धोकादायक भिंत पाडायची की नाही, हे मी पाहायला आलो होतो," अभियंते शेवटी म्हणाले. "ती तुम्हीच पाडलीत. महिन्याभरात कोपरा होता तसा बांधा, मी पुन्हा येतो. तोपर्यंत दोर लावून ठेवा, लेकरं आत जाता कामा नयेत. आणि हे झाड रेल्वेच्या जागेत लावायचं नाही. कुठेही नाही."

भगतांनी दोन्ही हात जोडले.

अभियंते गेल्यावर पुन्हा तोच प्रश्न. विहार की पार? आवाज चढू लागले. सुमनबाईंनी तो वाद ऐकून घेतला, मग कुंपणाकडे पाहिले. कुंपणापलीकडे राऊतांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता. गावाकडून येणारी वाट आणि वस्तीकडून येणारी वाट तिथेच मिळतात.

"भाऊ," त्या राऊतांना म्हणाल्या, "तुमच्या धुऱ्यावर लावतो."

राऊतांच्या मिशा थांबल्या. "बाप्पा! वयनी, पिंपळाची सावली केवढी पडते, माहीत हाय काय? माही तूर जाईन खाली."

"किती जाईन?"

"चार ओळी तरी जातीन. उद्या झाड वाढलं का सहा."

"मंग?"

राऊतांनी बायकोकडे पाहिले. तिथे काही मदत नव्हती. त्यांनी स्वतःच्या शेताकडे पाहिले. माणूस जमिनीकडे असे पाहतो तेव्हा मध्ये बोलू नये.

"एक सांगतो," ते म्हणाले. "पानी तुमच्या वस्तीनं टाकाचं. आमच्या बाया शनिवारच्या शनिवारी येतात, तेवढ्यानं झाड नाही जगत."

"टाकू. रोज टाकू."

"आन् पुनवेची मेनबत्ती वाऱ्यानं तुरीत पडली त—"

"काचेत लावतो, भाऊ."

"खड्डा खांदा मंग," राऊत म्हणाले. "माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले?"

खड्डा राऊतांनीच आखला, धुऱ्याच्या अगदी कडेला, एक वीत अलीकडे किंवा पलीकडे होऊ न देता. दुपारी झाड उभे राहिले. छाटलेले, चपट्या मुळांचे, दिसायला काही विशेष नाही. जगेल की नाही, हे मार्चनंतर कळेल. भगतांनी त्याला दोन बांबूंचा आधार बांधला. सुमनबाईंनी गाठी तपासल्या आणि एक सोडून पुन्हा बांधली.

उरलेल्या वेळात आम्ही कोपऱ्याला हात घातला. जोत्यावरचा पहिला चिरा भगतांनी आणि सुमनबाईंनी दोन टोकांना धरून आणला. मी ओळंबा सोडला. चिरा किंचित आत होता. सांगितल्यावर त्यांनी तो सरकवला. "बसला काय?" भगतांनी विचारले. बसला, असे मी सांगितले. ते थोडा वेळ त्यावरून हात फिरवत राहिले आणि मग दुसरा आणायला गेले. अंधार होण्याआधी दोन थर झाले. फोटोंशी ताडून पाहिले, बरोबर होते.

पौर्णिमा होती. वस्तीतल्या बायका धुऱ्याकडे जायला निघाल्या, वाटेत गावातल्या दोघी-तिघी त्यांना मिळाल्या. माझी बस रात्रीची होती. भगत मोटारसायकल आणायला गेले. चुना ओला होता आणि रात्रीच्या कोरड्या थंडीत त्याला तडे जाण्याचा धोका होता. झाडाच्या मुळांवरून काढलेली पोती मोकळी पडली होती. ती मी पाण्याच्या हौदात बुडवली, पिळली, दोन्ही थरांच्या सांध्यांवर नीट पसरली आणि वारा लागू नये म्हणून कडेला चार दगड ठेवले.